मुळा-मुठेचा मासा पडद्यावर: एका कोलाजची घडण

संकटग्रस्त प्राण्यांवर कोलाज करायचं ठरलं की हात आपोआप वाघाकडे जातो, नाहीतर हत्तीकडे, फार तर माळढोकाकडे. त्यांची छायाचित्रं ढिगाने मिळतात आणि ओळख करून द्यावी लागत नाही. मागे लालभडक आकाश टाकलं, खाली भेगाळलेली जमीन चिकटवली की चित्र झालं. असं चित्र बघणारा 'अरेरे' म्हणतो आणि पुढे जातो. त्या वाघाचा त्याच्या गावाशी, त्याच्या नळाच्या पाण्याशी काही संबंध आहे असं ते चित्र सांगत नाही.

पिरंगुटहून मुठा घाट ओलांडून खाली उतरलं की मुळशी तालुक्यातलं मुठा गाव लागतं. वरच्या अंगाला टेमघर धरण, दोन्ही बाजूंना डोंगर, मधे भातखाचरं आणि नदी. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात. हेच चढणीचे मासे. इथल्या माणसाला संकटग्रस्त प्राणी दाखवायचा असेल तर तो पाण्यात शोधावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून या लेखातलं कोलाज नदीच्या माशांचं आहे. कृती मात्र कुठल्याही प्राण्याला लागू पडेल.

संगणक उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: प्राण्याचं नेमकं नाव, त्याचा आजचा दर्जा आणि तो दर्जा का ठरला. दर्जासाठी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेची लाल यादी पाहावी. ती सगळ्यांना खुली आहे आणि प्रत्येक जातीच्या पानावर मूल्यांकनाचं वर्ष असतं. ते वर्ष उतरवून घेणं महत्त्वाचं, कारण दर्जे बदलतात. दख्खनचा महसीर, म्हणजे टॉर खुद्री, हे याचं चांगलं उदाहरण आहे. कर्नल विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. २०११च्या मूल्यांकनात ही जात संकटग्रस्त होती, नंतरच्या मूल्यांकनात तिला त्या वर्गातून काढलं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून या माशाची पिल्लं तयार होत आली, ती दूरदूरच्या जलाशयांत सोडली गेली. कावेरीत तर हा पाहुणा तिथल्या मूळच्या, आज अतिसंकटग्रस्त असलेल्या कुबडवाल्या महसीरच्या मुळावर आला. आणि ज्या नदीवरून त्याची जगाला ओळख झाली, तिच्या पुणे शहरातल्या पात्रात आज महसीर जगेल असं पाणी नाही. ही गुंतागुंत चित्रात आणायची असेल तर 'संकटग्रस्त महसीर' असा सरधोपट मथळा देऊन चालणार नाही.

त्याच्या जोडीला दुसरा मासा घेऊ, नुक्ता. याचंही वर्णन साइक्सचंच, १८३९चंच, आणि ठिकाण चाकणजवळची इंद्रायणी. हा मासा लाल यादीत संकटग्रस्त आहे. याचं तोंड एकदा पाहिलं की विसरत नाही: नाकाडावर आडवी खोल खाच असते आणि खाचेच्या वरचा भाग गाठीसारखा पुढे आलेला असतो. कातरकाम करताना या खाचेचं काय होतं ते पुढे येईलच.

तर चित्राची कल्पना अशी: इंद्रायणी, मुळा आणि मुठा या तिन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला वाहतात आणि शेवटी भीमेला मिळतात. पार्श्वभूमीला त्यांच्या खोऱ्यांचा नकाशा, इंद्रायणीच्या रेषेवर नुक्ता, मुठेच्या रेषेवर महसीर, दोघांची तोंडं उगमाकडे. वाटेत धरणाची भिंत. ज्या खोऱ्यातून ज्या माशाची नोंद झाली त्याच खोऱ्यात तो ठेवायचा, सोयीसाठी इकडचा तिकडे करायचा नाही.

आता सामग्री. जुन्या निसर्गग्रंथांतली चित्रं कोलाजवाल्यांसाठी खजिनाच आहेत, आणि त्याची किल्ली म्हणजे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. जगभरातल्या ग्रंथालयांनी आपले जुने ग्रंथ तिथे पानोपान उपलब्ध करून दिले आहेत. साइक्सचा दख्खनच्या माशांवरचा सचित्र लेख १८४१चा, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समधला. त्याहून विस्तृत काम फ्रान्सिस डेचं. मद्रासच्या लष्करी सेवेतला हा डॉक्टर पुढे हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा प्रमुख अधिकारी झाला आणि १८७५ ते १८७८ या काळात त्याचा 'द फिशेस ऑफ इंडिया' चित्रांसह भागाभागाने निघाला. शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या ग्रंथात आजचं शास्त्रीय नाव नसतं. नुक्त्याचं आजचं नाव शिस्मॅटोरिंकॉस नुक्ता, पण साइक्सने त्याला सायप्रिनस म्हटलं आणि डेने लॅबिओ. जुनी नावं लाल यादीच्या किंवा एखाद्या मत्स्यसूचीच्या पानावरून आधी जमवून घेतली की पान लवकर सापडतं. उतरवून घेताना पडद्यावर दिसणारी छोटी प्रत घेऊ नये. जास्तीत जास्त मोठी प्रत मागावी.

हक्कांचा प्रश्न इथेच मिटवून टाकावा, कारण नंतर तो मिटत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्रावर हक्क राहतो. छायाचित्राच्या बाबतीत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. डे १८८९ मध्ये वारला, तेव्हा त्याची चित्रं खुली आहेत. महसीरसाठी मात्र आजचं छायाचित्र घ्यावं असं मी सुचवेन, आणि आजच्या छायाचित्रांना मालक असतो. विकिमीडिया कॉमन्स किंवा आयनॅचरलिस्टवर प्रत्येक चित्राखाली परवान्याची अक्षरं असतात, ती वाचायला शिकावं. नुसतं 'बीवाय' असेल तर छायाचित्रकाराचं नाव देऊन, बदल केल्याचं सांगून आणि परवान्याचा उल्लेख करून वापरता येतं. 'एसए' असेल तर तुमचं कोलाजही त्याच परवान्याने खुलं करावं लागतं. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, मग त्या चित्राचे टी-शर्ट विकता येणार नाहीत. 'एनडी' म्हणजे बदल केलेली प्रत पुढे द्यायची नाही, आणि कोलाज म्हणजे बदलच, म्हणून ते चित्र सोडून द्यायचं. 'गुगलवर मिळालं' हा काही परवाना नव्हे.

यंत्राकडून शब्दांवरून प्राणी तयार करून घेण्याची सोय आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आली आहे. पार्श्वभूमीच्या एखाद्या ढगासाठी कुणी ती वापरली तर माझं काही म्हणणं नाही. प्राण्यासाठी नको. महसीरच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्याचे खवले मोठे आणि ठळक असतात. यंत्राने केलेल्या माशाला कधी तीन मिशा असतात, कधी पर भलत्याच जागी येतो, आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही. जो प्राणी आधीच कुणाला नीट माहीत नाही त्याचं चुकीचं रूप पसरवून त्याचं भलं होत नाही.

उरलेली सामग्री गावातून गोळा करायची. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या पडत नाहीत, म्हणून पावसाळा या कामाला उत्तम. भाताची रोपं पांढऱ्या चादरीवर पसरून बरोबर वरून फोटो काढावा. नदीतले गोटे, घोंगडीची वीण, ओल्या कातळावरचं शेवाळ, बंधाऱ्यावरून सांडणाऱ्या पाण्याचा फेस, हे सगळं पोत म्हणून उपयोगी पडतं. धरणाच्या भिंतीपाशी बहुतेक ठिकाणी छायाचित्रणाला मनाई असते. तिच्यासाठी जुन्या वाड्याच्या नाहीतर घाटरस्त्याच्या दगडी भिंतीचा फोटो चालतो. जुना सातबारा किंवा शाळेचा दाखला स्कॅन करून वापरायचा मोह होतो, कारण तो कागद दिसायला देखणा असतो. त्यावरची माणसांची नावं आणि गट क्रमांक मात्र झाकावेत. आणि रानात सापडलेली साळिंदराची काटेरी पिसं, खवले मांजराचा खवला, गिधाडाचं पीस असलं काही स्कॅन करण्यासाठी घरी आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते अंगाशी येऊ शकतं, आणि तशा वस्तूंची हौस वाढवणं हे प्राण्याच्या विरुद्धच आहे.

जिवंत महसीर जवळून पाहायचा असेल तर रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडला जावं. तिथल्या डोहातले मासे देवाचे मानून लोकांनी राखले आहेत. वरून पाहताना मासा किती अरुंद आणि गडद दिसतो ते कळतं. तेवढं पाहिलं की पुस्तकातला बाजूने काढलेला मासा चित्रात कसा बसवायचा याचा अंदाज येतो.

नकाशासाठी छापील नकाशा उचलण्यापेक्षा स्वतः करावा, ते वाटतं तितकं अवघड नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. ती आकडेवारी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि तिच्यावर हक्काचं बंधन नाही. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत मुळशी, मावळ, हवेली हा भाग उघडायचा आणि समोच्च रेषा काढायला सांगायचं. उंचीतलं अंतर २० मीटर ठेवलं की डोंगरांच्या उतारावर रेषा दाट होतात आणि खोऱ्यात विरळ. त्या दाट रेषा पाण्याच्या तरंगांसारख्या दिसतात, म्हणून नदीचं पाणी वेगळं रंगवावंच लागत नाही. हा भाग मला सगळ्या कामात जास्त आवडतो. मुठेच्या खोऱ्याचा खरा आकारच इथे पाणी होतो, कुणाच्या कल्पनेतला नव्हे.

प्रणाली कोणती, याचा फार खल नको. जिम्प मोफत आहे, फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, फोटोशॉप असेल तर उत्तमच. लागतात तीन गोष्टी: थर, मुखवटा म्हणजे मास्क, आणि पेनचं साधन. नवीन पान ए-थ्री आकाराचं, दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेलचं घ्यावं. बारा मेगापिक्सेल फोनचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० असतो. तो या हिशेबाने ३४ सेंटीमीटर रुंदीपर्यंत स्वच्छ छापला जातो, त्यापुढे ताणला की फुटतो.

आता कातरकाम. पार्श्वभूमी आपोआप काढणारी बटणं सगळीकडे आहेत, आणि घाईच्या कामाला ती ठीक आहेत. पण नुक्त्यावर ते बटण दाबलं तर नाकाडावरची खाच बुजून जाते आणि तो कुठलाही साधा मासा होतो. महसीरच्या मिशा तर पहिल्या झटक्यात उडतात. म्हणून पेनच्या साधनाने, चित्र दुप्पट मोठं करून, कडेकडेने बिंदू टाकत जावं. रेषेच्या बाहेरून नव्हे, एक-दोन पिक्सेल आतून. बाहेरून कापलं की जुन्या कागदाची पिवळट किनार माशाभोवती राहते आणि गडद पार्श्वभूमीवर ती लगेच डोळ्यांत भरते. मार्ग पूर्ण झाला की त्याची निवड करून कड अर्धा-एक पिक्सेल मऊ करावी आणि मास्क लावावा. खोडायचं काही नाही. मास्कमध्ये काळा रंग म्हणजे झाकलेलं, पांढरा म्हणजे दिसणारं, आणि चूक झाली की उलटा रंग फिरवून परत आणता येतं. पर ही वेगळीच गोष्ट. परांच्या काट्यांमधला पडदा पारदर्शक असतो. तिथे मास्कवर मध्यम करडा रंग दिला की मागच्या रेषा थोड्या झिरपतात आणि मासा पाण्यात असल्यासारखा वाटतो.

डेची चित्रं रंगीत नाहीत, काळ्या रेघांची आहेत. असं चित्र नुसतं 'मल्टिप्लाय' या पद्धतीने ठेवलं तर कागदाचा पांढरा भाग नाहीसा होतो खरा, पण माशाच्या अंगातून नकाशाच्या रेषा आरपार दिसायला लागतात. यावर उपाय असा: त्याच मार्गाने माशाचा भरीव आकार कापून माशाच्या थरांत सर्वांत खाली, पण नकाशाच्या वर ठेवायचा आणि त्याला फिकट रुपेरी-मातकट रंग द्यायचा. त्यावर 'मल्टिप्लाय'मध्ये मूळ रेघांचं चित्र. त्याच्यावर तिसरा थर 'सॉफ्ट लाइट'मध्ये, पाठीला गडद आणि पोटाला उजळ. पाण्यातल्या बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, ते सांभाळलं की मासा लगेच गोलाई धरतो. भडक निळे-नारिंगी रंग भरू नयेत.

दिशेची एक गंमत इथे आपसूक जुळते. शास्त्रीय ग्रंथांत मासा डावीकडे तोंड करून काढायची प्रथा आहे. नकाशात उत्तर वर धरली तर मुठा डावीकडून उजवीकडे वाहते, आणि डावी बाजू म्हणजे टेमघर, म्हणजे उगम. मासा न उलटवता, आहे तसा ठेवला की तो चढणीला लागलेला असतो. छायाचित्रातला महसीर उजवीकडे पाहत असेल तर उलटवायला हरकत नाही. मात्र बिबट्याच्या किंवा वाघाच्या बाबतीत हे करू नये. त्यांचे ठिपके नि पट्टे दोन्ही अंगांना वेगळे असतात आणि अभ्यासक त्यावरून एकेक जनावर ओळखतात.

मग भिंत. ती महसीरच्या तोंडासमोर, मुठेच्या रेषेवर उभी येते. १८७९ मध्ये पूर्ण झालेलं खडकवासला खालच्या अंगाला, तर ३.७१ टीएमसीचं टेमघर वरच्या. चित्रात दोन्ही दाखवली तर मासा दोन भिंतींच्या मधे सापडतो, आणि प्रत्यक्षातही मुठा गावाजवळच्या नदीची स्थिती तीच आहे. पुणेकरांच्या घरचं पाणी याच धरणांतून येतं, म्हणून भिंतीला खलनायकाचा काळा रंग देणं मला पटत नाही. दगड दगडाच्याच रंगाचे राहू द्यावेत. शहरातलं सांडपाणी, वाळूउपसा, बाहेरून आणून सोडलेली चिलापी, ही बाकीची कारणं उजव्या बाजूला, शहराच्या दिशेने, छोट्या तुकड्यांत येऊ शकतात. सगळी एकदम कोंबली तर चित्राची भिंतपत्रिका होते. मी एकच घेईन.

छायाचित्रातला महसीर आणि डेच्या शिळाछापातला नुक्ता शेजारी ठेवले की दोघं दोन वेगळ्या जगांतले वाटतात. त्यांना एकत्र आणायला तीन-चार गोष्टी कराव्या लागतात. छायाचित्राचे रंग निम्म्याने उतरवावेत. सगळ्या थरांच्या वर कर्व्हजचा एक थर टाकून काळा रंग किंचित तपकिरीकडे आणि पांढरा किंचित पिवळटाकडे न्यावा, म्हणजे दोन्ही एकाच कागदावर छापल्यासारखे दिसतात. त्यावर अगदी बारीक दाणा पसरावा. उजेड कुठून येतो ते तपासावं. दोघांवरचा उजेड एका बाजूने येत नसेल तर डोळ्याला ते खुपतं. मग पूर्ण चित्र अंगठ्याएवढं लहान करून पाहावं. तेवढ्यातही मासा आणि भिंत ओळखू आली तर मांडणी जमली.

अक्षरांसाठी मुक्ता किंवा बलू यांसारखे मोफत देवनागरी फाँट आहेत, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेले. काही प्रणालींत जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. त्यासाठी भारतीय लिप्यांची मांडणी चालू करावी लागते. खाली बारीक अक्षरांत दोन्ही माशांची नावं, नोंदीचं ठिकाण, दर्जा आणि त्याचं वर्ष, चित्रांचे स्रोत. ही शिस्त नवी नाही. मेरी डेलनी ही इंग्लंडातली बाई वयाच्या सत्तरीनंतर, १७७२ पासून, रंगीत कागद कातरून फुलांची चित्रं करायला लागली. ब्रिटिश म्युझियममध्ये तिची अशी ९८५ चित्रं आहेत. प्रत्येकावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असे आणि मागे तारीख, ठिकाण, रोप कुणी दिलं याची नोंद. वनस्पतिशास्त्रज्ञही ती चित्रं मानत.

एका बाबतीत मात्र नोंद मुद्दाम ढोबळ ठेवावी. खवले मांजराचं बीळ किंवा गिधाडाचं घरटं यावर कोलाज करत असाल तर नेमकी जागा नकाशावर देऊ नका, तालुका पुरे. छायाचित्राच्या फाइलमध्ये फोनने जागेची नोंद ठेवलेली असते, तीही काढून टाकावी.

छपाईला देताना थरांची मूळ फाइल स्वतःकडे ठेवून दुकानात सपाट टिफ किंवा पीडीएफ द्यावी. पडद्यावरचा हिरवा-निळा छापल्यावर मळकट होतो, म्हणून आधी नखाएवढ्या पट्टीची चाचणी छाप काढून घ्यावी. कागद चकचकीत नको, मॅट घ्यावा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचं असेल तर फ्लेक्सऐवजी कापडावर छापून घ्यावं. मूळ फाइलमध्ये दर्जाची ओळ वेगळ्या थरावर ठेवावी. लाल यादीत उद्या नुक्त्याचं मूल्यांकन नव्याने झालं तर तेवढी एक ओळ बदलून नवी प्रत काढता येते.